जॉर्ज एदलजी : एका पाळकाच्या निरपराध मुलाचे चरित्र

मुंबईत इ. स. १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोघा पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली व प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत कसे गेले, हे आमच्या जुन्या वाचकांस ठाऊक आहे. त्यांच्या मागून त्याच समाजातून जे आणखी काही जण ख्रिस्ती झाले, त्यांत शापुरजी एदलजी हे एक होते. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी घेत नाही. कारण ते तरुणपणीच विलायतेस गेले व तेथलेच झाले. परंतु त्यांचे थोरले चिरंजीव जॉर्ज ह्यांचे नाव एके काळी इंग्लंडातील वर्तमानपत्रांत रोज छापले जात होते. ते कोणत्या कारणाने, हे आज सांगावयाचे आहे.

आमच्या वाचकांत जे शाळामास्तर व उपदेशक आहेत, त्यांस आमची विनंती आहे की, ही हकीकत त्यांनी मोठ्या मुलामुलींस सावकाश वाचून दाखवावी. गावात चोरी झाली, कोणाच्या गंजीस आग लागली, की एखाद्याचे नाव ताबडतोब पुढे येते, हे मुले नेहमी पाहतात. तेच नाव का पुढे आले, हे त्यांस क्वचितच कोणी विचारतो.

शापुरजी ह्यांचा जन्म मुंबईत १८४१-४२ च्या सुमारास झाला. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी स्कॉटिश मिशनाच्या विद्यालयात अभ्यास केला. ते भाषेचे जाणते होते. त्यांनी गुजराती-इंग्रजी कोश रचला, आणि त्यांचे गुजराती भाषेचे इंग्रजीत लिहिलेले व्याकरण १८६७ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच ते कँटरबरी येथील मिशनरी विद्यालयात शिकावयास गेले होते. तेथून पुढे त्यांस इंग्लंडच्या मंडळीत दीक्षा मिळाली. निरनिराळ्या ठिकाणी साहाय्यक पाळकाचे काम केल्यावर त्यांनी शार्लट स्टोनहॅम ह्या एका पाळकाच्या कन्येशी विवाह केला, आणि १८७५ च्या अखेरीस स्टॅफर्डशर परगण्यातील ग्रेट वर्ली ह्या गावचे ते पाळक झाले. ह्या गावाचे नाव ऐकून मुंबईकर वाचकांस आपल्या वरळीची आठवण होईल. परंतु तेथे समुद्र नाही, नारळी नाहीत. कोळशाच्या खाणी, गुरे चरण्याची कुरणे, आणि खाणकामगारांची व शेतकऱ्यांची घरे, असे ते गाव होते. त्या गावात काळ्या वर्णाचा हिंदी मनुष्य व्यासपीठावर उभा राहून गोऱ्या लोकांस उपदेश करीत असे. ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते. तेथील कित्येकांस ती खपत नव्हती.

१८७६ च्या जानेवारीत पाळकाच्या बंगल्यात जॉर्जचा जन्म झाला. त्याच्या पाठीवर होरेस हा भाऊ व मॉड ही बहीण. जॉर्ज अबोल, अभ्यासू व एकलकोंडा होता. त्याचे डोळे मोठे व किंचित पुढे आलेले होते, आणि दृष्टी लहानपणापासून अधू होती. हे डोळे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ह्या चरित्रात त्यांचे काम पुढे आहे.

पहिले संकट निनावी पत्रांच्या रूपाने आले. १८८८ साली थोडी आली व थांबली. १८९२ पासून मात्र त्यांचा पूर लोटला, तो १८९५ च्या अखेरीपर्यंत ओसरला नाही. पत्रांत शिव्या व धमक्या असत. कोणी तरी शापुरजींच्या नावाने वर्तमानपत्रांत खोट्या जाहिराती दिल्या, त्यांच्या नावाने दुकानदारांकडून माल मागविला, दुसऱ्या पाळकांस त्यांच्या सहीने खोटी पत्रे पाठविली. बंगल्याच्या दारात घाण टाकली जाई. एके दिवशी दारात एक मोठी किल्ली सापडली. ती काही मैलांवरील वॉल्सल गावच्या शाळेची निघाली. जॉर्ज त्या वेळी १६ वर्षांचा होता व निराळ्याच शाळेत शिकत होता. असे असता परगण्याचे मुख्य पोलीस अधिकारी कॅप्टन अँसन ह्यांनी ठरविले की किल्ली जॉर्जनेच आणली व पत्रेही तोच लिहितो. आणि त्याने नाही म्हटले तरी आपण ते मानणार नाही, असे त्यांनी त्याच्या वडिलांस लेखी कळविले. पत्रे आली होती ती ह्याच कुटुंबाला छळण्यासाठी. छळ सोसणाऱ्या घराने पोलिसांकडे दाद मागितली, आणि पोलिसांनी त्याच घरातील मुलगा संशयित म्हणून नोंदून ठेवला. अँसनसाहेब मोठ्या कुळातले होते, एका अर्लचे धाकटे भाऊ. ते लाचखाऊ होते असे कोणी म्हणत नाही. त्यांनी एकदा मत बनविले, आणि पुढे आयुष्यभर ते बदलले नाही, एवढेच.

ह्या छळातही जॉर्ज ह्यांनी विद्या सोडली नाही. बर्मिंगहॅम येथील मेसन कॉलेजात शिकून ते कायद्याच्या परीक्षा मानाने उतरले, बक्षिसे मिळविली, आणि त्याच शहरात त्यांनी वकिलीची कचेरी थाटली. १९०१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी आगगाडीच्या उतारूंस कायद्याने कोणते हक्क आहेत ह्यावर एक लहान पुस्तक लिहिले. दारू नाही, तंबाखू नाही. सकाळच्या गाडीने बर्मिंगहॅमला जावे, सायंकाळी परत यावे, जेवून वडिलांच्या खोलीत निजावे, असा त्यांचा क्रम. बहीण नाजूक प्रकृतीची असल्याने आई तिच्याजवळ निजे, म्हणून बाप व लेक एका खोलीत. रात्री खोलीचे दार शापुरजी आतून कुलूप लावून बंद करीत. हेही ध्यानात ठेवावे.

१९०३ च्या फेब्रुवारीत त्या गावात एक भयंकर प्रकार सुरू झाला. रात्रीच्या अंधारात कोणी तरी कुरणात शिरून मुक्या जनावरांची पोटे फाडी. पहिल्याने एक घोडा. मग आणखी घोडे, गायी, मेंढ्या. ऑगस्टपर्यंत असे आठ प्रसंग झाले. ज्याच्या दावणीचा बैल वैऱ्याने रात्री मारला असेल त्यास त्या गावची भीती व संताप किती असेल हे सांगावयास नको. पोलिसांची नालस्ती होऊ लागली. बाहेरून शिपाई आणून पहारे बसविले, तरी कोणी सापडेना. तेवढ्यात पुन्हा निनावी पत्रे येऊ लागली. त्यांत एका टोळीचे वर्णन असे, आणि टोळीतील माणसांत जॉर्ज एदलजी ह्यांचेही नाव असे. ह्यावरून पोलिसांनी काढलेले अनुमान असे की ही पत्रे स्वतः जॉर्जनेच लिहिली आहेत! आपल्यावरच फाशाची दोरी फेकणारा वकील आम्ही तरी पाहिला नाही. परंतु दहा वर्षांपूर्वीची नोंद दप्तरात होती, आणि तिने वाट दाखविली.

१७ ऑगस्टच्या रात्री खाणीवरील एका तट्टाचे पोट कोणी चिरले. सकाळी सहाच्या पुढे कामावर जाणाऱ्या एका मुलाने ते पाहिले; तट्टू अजून उभे होते व रक्त गळत होते. त्याच दिवशी जॉर्ज ह्यांस त्यांच्या कचेरीत पकडण्यात आले.

आता पुरावा काय होता, हे सावकाश पाहू. मास्तरांनी येथे एकेक मुद्दा सांगून थांबावे व मुलांस विचारावे की तुम्ही पंच असता तर काय केले असते.

जॉर्ज ह्यांचा घरात घालावयाचा जुना कोट पोलिसांनी सकाळी बंगल्यातून नेला. तो ओलसर आहे, असे फौजदार म्हणाला. कोरडा आहे, असे घरचे म्हणाले. बाहीवर रक्ताचे दोन बारीक ठिपके होते. रात्री अंधारात तट्टाचे पोट फाडणाऱ्याच्या अंगावर दोनच ठिपके कसे राहतील, आणि कधी काळी जेवणातील अर्धकच्च्या मांसाचा रस उडून असे ठिपके पडणार नाहीत काय, हे कोणी विचारले नाही. मग केसांचा प्रश्न. कोटावर घोड्याचे केस आहेत असे फौजदाराने म्हटले, तेव्हा शापुरजी, त्यांच्या पत्नी व कन्या ह्यांनी उजेडात पाहून सांगितले की हा केस नव्हे, धागा आहे. पोलीस कोट घेऊन गेले. त्याच दिवशी तट्टाच्या चामड्याचा एक तुकडाही कापून घेण्यात आला. रात्री कोट डॉक्टरापुढे आला, तेव्हा त्यावर २९ केस निघाले. कोट व चामडे एकत्र बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मधल्या तासांचा साक्षीदार पोलिसांवाचून दुसरा कोणी नव्हता.

बुटांचे म्हणाल, तर कुरणात सकाळपासून खाणकामगारांची वर्दळ झाली होती. त्या तुडविलेल्या चिखलात फौजदाराने जॉर्ज ह्यांचा बूट एका ठशाशेजारी दाबला, काडीने माप घेतले, आणि जुळले असे सांगितले. ठशाचा साचा घेतला नाही, चित्रही घेतले नाही. शिवाय कुरणातील माती पिवळट तांबूस, आणि बुटांवरील चिखल काळा, रस्त्यावरचा. घरातील वस्तरे नेले. त्यांवर डाग दिसला, तो गंज ठरला.

वेळेची गोष्ट तर ह्याहून विचित्र. पहिल्या चौकशीत पोलिसांचे म्हणणे होते की गुन्हा रात्री आठ ते साडेनऊच्या दरम्यान झाला, कारण त्या वेळी जॉर्ज घराबाहेर होते. ते चांभाराकडे बूट देऊन फिरून आले होते व वाटेत लोकांनी त्यांस पाहिले होते. परंतु गुरांच्या वैद्याने सांगितले की जखम ताजी आहे, ती पहाटेची असली पाहिजे. तेव्हा खटल्यात गुन्ह्याची वेळच पहाटे दोन-तीनवर नेण्यात आली. वेळ बदलली, आरोपी बदलला नाही. पहाटे तर ते वडिलांच्या शेजारी कुलूपबंद खोलीत होते. शापुरजींची झोप हलकी. त्या रात्री कंबर धरल्याने ते चार वाजल्यापासून जागेच होते. ही साक्ष त्यांनी शपथेवर दिली. पाळकाच्या शपथेला त्या देशात सहसा कोणी खोटे म्हणत नसे.

तिकडे गावात व वर्तमानपत्रांत आणखी एक कुजबूज चालली होती. हे पूर्वेकडचे लोक. तो रात्री आपल्या परक्या देवांस जनावरांचे बळी देत असावा! ज्या बापाने येशू ख्रिस्तासाठी आपले घर व समाज सोडला, त्याच्या मुलाविषयी ख्रिस्ती देशात असे बोलले गेले. ह्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

जॉर्ज तुरुंगात असतानाच त्या गावात आणखी एका घोड्याची तशीच हत्या झाली. साध्या माणसास वाटेल की आता तरी सुटका झाली. परंतु फिर्यादीपक्ष म्हणाला की हे टोळीचे काम आहे. म्हाताऱ्या पाळकाच्या मुलास सोडविण्यासाठी टोळीतल्याच कोणी हे केले. अशा रीतीने जे निरपराधीपणाचे चिन्ह तेच अपराधाचे ठरले. एकदा संशयाची चौकट तयार झाली की तीत काहीही बसविता येते.

१९०३ च्या ऑक्टोबरात स्टॅफर्ड येथे खटला चालला. हे न्यायासन वरिष्ठ न्यायाधीशाचे नव्हते, परगण्यातील प्रतिष्ठित जमीनदारांचे होते, आणि त्याच्या मुख्याने कायद्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. निनावी पत्रांचे अक्षर जॉर्ज ह्यांचे आहे, अशी साक्ष थॉमस गरिन नावाच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने दिली. ह्याच तज्ज्ञाने ॲडॉल्फ बेक नावाच्या एका निरपराध मनुष्याविरुद्ध १८९६ साली साक्ष दिली होती. पुढे १९०४ साली बेक निर्दोष ठरून त्यास ५००० पौंड भरपाई मिळाली. परंतु हे उघड व्हावयास अजून एक वर्ष होते. बचावाच्या वकिलांना खटला इतका पोकळ वाटला की त्यांनी नेत्रवैद्याची साक्षही काढली नाही. २३ ऑक्टोबर रोजी ज्यूरीने अपराधी ठरविले, आणि ७ वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या देशात खालच्या कोर्टाने शिक्षा दिली तर वर अपील करण्याची सोय तेव्हाही होती. इंग्लंडात, जेथून आपणांस कायदे शिकविले जात, तेथे मात्र ज्यूरीने एकदा अपराधी म्हटल्यावर पुराव्याचा फेरविचार करणारे वरिष्ठ कोर्टच नव्हते. गृहमंत्र्याकडे दयेचा अर्ज करणे एवढाच मार्ग. बहामा बेटांचे माजी मुख्य न्यायाधीश येल्व्हर्टन ह्यांनी कोणी सांगितले नसता हे काम हाती घेतले. सुमारे १०,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्यांत शेकडो वकील होते. गृहखात्यातून उत्तर आले नाही. शापुरजींनी १९०५ साली खटल्याची सर्व हकीकत पुस्तिकेच्या रूपाने छापली. दर आदितवारी ते त्याच व्यासपीठावर उभे राहत, ज्याच्या समोर बसलेल्यांपैकी कित्येक त्यांच्या मुलास जनावरांचा मारेकरी समजत होते. ते गाव सोडून गेले नाहीत.

जॉर्ज ह्यांस प्रथम लुइस व नंतर पोर्टलंड येथील तुरुंगात ठेवले. तीन वर्षे झाल्यावर, १९०६ च्या ऑक्टोबरात, त्यांस एकाएकी सोडण्यात आले. का सोडले, हे सांगितले नाही. माफी नाही, निर्दोषपणाचा शब्द नाही. उलट सुटलेल्या कैद्याप्रमाणे पोलिसांकडे हजेरी, आणि वकिलांच्या यादीतून नाव काढलेले. अर्ध्या मार्गावर सोडलेल्या माणसासारखी त्यांची स्थिती झाली. त्यांनी आपली हकीकत एका वर्तमानपत्रात लिहिली व ते अंक सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांस पाठविले.

डॉइल म्हणजे शेरलॉक होम्स ह्या गुप्त पोलिसाच्या गोष्टी लिहिणारे प्रसिद्ध ग्रंथकार. त्यांच्या पत्नीला नुकतेच देवाज्ञा झाली होती व त्यांचे मन कशातच लागत नव्हते. वर्तमानपत्रे वाचून ते उठले. १९०७ च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघांनी भेटावयाचे ठरले. डॉइल येऊन पाहतात तो जॉर्ज आधीच बसलेले, व हातातील वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, किंचित तिरपे धरून वाचीत आहेत. डॉइल स्वतः डॉक्टर होते व नेत्रविद्येचा त्यांनी अभ्यास केलेला होता. एक शब्द बोलण्यापूर्वीच त्यांस उमजले की हा मनुष्य अंधाऱ्या, पावसाच्या रात्री, पोलिसांचे पहारे चुकवून, रेल्वेचा रस्ता, कुंपणे व काटेरी झुडपे ओलांडून अर्धा मैल जाणार नाही. तज्ज्ञाकडून तपासणी करविली, तेव्हा दृष्टीचा दोष आठ नंबरांचा भरला, शिवाय नजरेत वाकडेपणाचाही दोष. त्यामुळे त्यांस चष्मा नीट बसत नसे व ते तो लावीत नसत. हे डोळे खटल्याच्या वेळी चार दिवस न्यायासनापुढे होते. सर्वांनी ते पाहिले होते. फुगीर, विचित्र, परके डोळे म्हणून पाहिले होते. ते अधू आहेत, हे कोणी पाहिले नाही.

डॉइल ह्यांनी गावी जाऊन कुरण पाहिले, साक्षीदारांस भेटले, कागद वाचले, आणि ११ व १२ जानेवारी रोजी डेली टेलिग्राफ पत्रात सर्व प्रकरण लोकांपुढे मांडले. वर आम्ही पुराव्याविषयी जे लिहिले त्यातील पुष्कळ भाग त्यांनीच प्रथम उघड केला. देशभर चर्चा सुरू झाली. त्या वेळी हॅरोच्या शाळेत जवाहरलाल नेहरू हे शिकत होते. सतरा वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने ते लेख वाचले व घरी वडिलांस लिहिले की, हा मनुष्य हिंदी आहे म्हणूनच त्यास शिक्षा झाली असली पाहिजे. शाळेतील मुलांस असल्या गोष्टी कळत नाहीत, असे जे म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावे.

खरे बोलावयाचे तर डॉइल ह्यांचीही एक चूक येथे सांगितली पाहिजे. जॉर्ज नव्हे, तर मग कोण, ह्या शोधात त्यांनी गावातील एका दुसऱ्या मनुष्यावर बोट ठेवले व त्याविरुद्ध पुरावा जमवून सरकारकडे पाठविला. तो पुरावाही बराचसा ऐकीव व अनुमानाचा होता. त्या मनुष्यावर खटला झाला नाही, आणि आम्हांस वाटते ते बरेच झाले. एका निरपराध्यास सोडविण्याच्या उत्साहात दुसरा तसाच अडकला असता. इकडे अँसनसाहेबही स्वस्थ नव्हते. त्यांची व डॉइल ह्यांची पत्रे २०१५ साली लंडनात लिलावास आली. त्यांवरून दिसून आले की डॉइल ह्यांस खोट्या मागावर पाठवून त्यांची फजिती करण्यासाठी ह्या पोलीस अधिकाऱ्याने बनावट पत्राची युक्ती योजली होती. निनावी पत्रे लिहिल्याचा आरोप ज्याने दुसऱ्यावर ठेवला, त्यानेच हे करावे!

लोकांचा रेटा वाढला तेव्हा गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन ह्यांनी तिघांची चौकशी समिती नेमली. तिघांपैकी एक जण अँसन ह्यांचा नातलग होता, हे डॉइल ह्यांस नंतर कळले. मे महिन्यात निकाल आला. तो असा : तट्टास इजा केल्याचा गुन्हा जॉर्ज एदलजी ह्यांच्यावर शाबीत होत नाही, सबब त्यांस पूर्ण माफी. परंतु निनावी पत्रे त्यांनीच लिहिली असावी. म्हणून हे संकट त्यांनी स्वतःच ओढवून घेतले. सबब भरपाई नाही.

पत्रे त्यांनी लिहिली ह्यास आधार काय, तर त्याच हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत, ज्याची चूक बेक ह्यांच्या प्रकरणात साऱ्या देशाने पाहिली होती. शिवाय, न केलेल्या गुन्ह्याची माफी कशी असते, हाही प्रश्न आहे. तीन वर्षे गेली ती गेली, आणि वर सरकार म्हणते की दोष तुमचाच. आपल्या गावकीतही असे पुष्कळदा पाहावयास मिळते : पंचांची चूक उघड झाली तरी ती चूक होती असे म्हणणे पंचांच्या जिवावर येते, मग ते आरोपीचा एखादा लहान दोष शोधून काढतात व तेवढ्यावर आपली अब्रू झाकतात.

डेली टेलिग्राफच्या वाचकांनी वर्गणी करून सुमारे ३०० पौंड जमविले. त्यातून, खटल्याच्या वेळी पैसे देणाऱ्या नातलग बाईचे कर्ज फेडण्यात आले. वकिलांच्या संस्थेने नोव्हेंबरात जॉर्ज ह्यांचे नाव पुन्हा यादीत घातले. म्हणजे जे सरकारने मानले नाही ते त्यांच्या समव्यवसायी लोकांनी मानले. सप्टेंबरात डॉइल ह्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा निवडक पाहुण्यांत जॉर्ज होते. त्याच वर्षी पार्लमेंटाने फौजदारी अपिलाचा कायदा केला, आणि १९०८ पासून इंग्लंडात शिक्षा झालेल्या मनुष्यास वरच्या कोर्टात दाद मागता येऊ लागली. बेक व एदलजी ह्या दोघांच्या प्रकरणांनी लोकमत जागे केल्यामुळेच हा कायदा झाला, असे इतिहासकार सांगतात. त्याचा लाभ स्वतः त्या दोघांस मात्र झाला नाही.

जॉर्ज ह्यांचे पुढील आयुष्य शांतपणे गेले. त्यांनी लंडनात वकिली केली, विवाह केला नाही. वडील १९१८ साली ग्रेट वर्ली येथेच, अखेरपर्यंत त्याच मंडळीचे पाळक असता, प्रभूमध्ये निजले. बेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या गावाची सेवा केली होती. त्यानंतर मॉडबाई भावाजवळ राहावयास आल्या. डॉइल १९३० साली वारले. १९३४ साली एका मजुराने कोर्टात कबुली दिली की त्या काळातील धमकीची काही पत्रे आपण लिहिली होती, व त्यास शिक्षा झाली. तेव्हा जॉर्ज ह्यांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुन्हा वर्तमानपत्रात आपली बाजू लिहिली. सरकारने फिरून चौकशी केली नाही.

१७ जून १९५३ रोजी वेलविन गार्डन सिटी येथे, बहिणीच्या घरी, ते मरण पावले. जनावरांची पोटे कोणी फाडली हे आजवर कळलेले नाही, आणि समितीने पत्रांविषयी ठेवलेला ठपकाही कागदावर तसाच आहे.